चहा-कॉफीचा त्याग आणि पादांशिक क्रम

आयुर्वेदीय चिकित्सेत पथ्याचे स्थान कोणते, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. पथ्य पाळणाऱ्यास औषधाची गरज काय आणि न पाळणाऱ्यास औषधाचा उपयोग काय, या आशयाचे वैद्यजीवनकार लोलिंबराजांचे वचन आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात भिंतीवर लावलेले असते. त्याच भिंतीखाली बसून आपण रुग्णाच्या कागदावर 'चहा-कॉफी वर्ज्य' एवढे दोन शब्द लिहितो. रुग्ण मान डोलावतो, औषधे घेतो आणि बाहेर पडून समोरच्या टपरीवर एक कटिंग घेतो. पंधरा दिवसांनी तो परत येतो तेव्हा 'चहा सोडला का?' या प्रश्नास 'हो, जवळजवळ' असे उत्तर मिळते. त्या 'जवळजवळ' या शब्दात किती कप मावतात, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

या लेखाचा हेतू चहा-कॉफीची निंदा करणे हा नाही, तिची भलामण करणे हाही नाही. आज हे पथ्य ज्या पद्धतीने सांगितले जाते ती पद्धत शास्त्रसंमत नाही आणि परिणामकारकही नाही. याउलट ज्या पद्धतीने ते सांगावयास हवे ती आपल्या संहितांतच स्पष्टपणे लिहून ठेवलेली आहे. एवढेच येथे मांडावयाचे आहे. जे पथ्य रुग्ण पाळणार नाही हे वैद्यास ठाऊक असते आणि वैद्यास ते ठाऊक आहे हे रुग्णासही ठाऊक असते, असे पथ्य रोज सांगत राहिल्याने चहा तर सुटत नाहीच. उलट इतर पथ्यांवरील विश्वास मात्र उडतो.

संहितांत चहा नाही

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करावयास हवी. बृहत्त्रयीत चहा नाही आणि कॉफीही नाही. त्यामुळे अमुक ग्रंथात चहा निषिद्ध मानला आहे, असे रुग्णास सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. महाराष्ट्रात ही पेये रुजली ती गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहावरून मोठे ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे त्यात गोवली गेली. परंतु तो वाद चहा कोणाच्या हातचा घेतला याचा होता. पेयाच्या गुणदोषांचा विचार त्यात नव्हता. पुढे १९०३ साली चहावर उपकर बसविण्यात आला आणि त्या निधीतून चहाचा पद्धतशीर प्रचार सुरू झाला. १९३० च्या सुमारास आसामात दाणेदार चहा बनविणारे यंत्र निघाले. कमी पत्तीत गडद रंग देणारा हा स्वस्त चहा स्वातंत्र्यानंतर हळूहळू खेडोपाडी पोहोचला. पुण्यात तर चहाच्या दुकानांस 'अमृततुल्य' हे नाव मिळाले.

विरोधाची परंपराही जुनी आहे. महात्मा गांधींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात चहा, कॉफी आणि कोको यांच्या त्यागाचा आग्रह धरला आहे. मात्र गांधीजींचा आग्रह हा व्रताचा आग्रह होता. वैद्याचा आग्रह चिकित्सेचा असावयास हवा. व्रत सर्वांस सारखे असते, चिकित्सा प्रत्येकाची निराळी.

ग्रंथात नाव नाही म्हणून द्रव्याचा विचारच करता येत नाही, असे नाही. रस, गुण, कर्म यांवरून अनुक्त द्रव्याची परीक्षा करण्याची रीत आपल्या शास्त्रात आहे. कोरा चहा तिक्त-कषाय रसाचा, रूक्ष आणि लघु. कॉफी त्याहून तिक्त आणि तीक्ष्ण. आपल्याकडचा खळाखळा उकळलेला, साखर-दूध घातलेला, बहुधा रिकाम्या पोटी घेतलेला चहा म्हणजे निराळाच संस्कारित पदार्थ. प्रकृती, करण (संस्कार), संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही आहारविधीची आठ आयतने लावून पाहिली, तर 'चहा वाईट की चांगला' हा प्रश्नच अपुरा आहे हे ध्यानात येते. कोणाचा चहा, किती, केव्हा आणि कशाच्या जागी, हे खरे प्रश्न.

कॅफीनचे कर्म आणि निद्रेचा वेग

आधुनिक विज्ञानाने या दोन्ही पेयांतील कर्मकारी द्रव्य ओळखले त्याला दोनशे वर्षे झाली. कॉफीच्या बियांतून रूंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॅफीन वेगळे काढले ते १८१९ च्या सुमारास. त्याची क्रिया आज बरीच स्पष्ट झाली आहे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. ते आपल्या ग्राहकस्थानांवर बसले की थकवा आणि झोप जाणवते. कॅफीन तीच ग्राहकस्थाने अडवून बसते. ते स्वतः बल देत नाही, थकव्याची वर्दी तेवढी अडवून धरते. साचलेले ॲडिनोसिन जेथल्या तेथे राहते आणि कॅफीन उतरले की सारे एकदम जाणवते.

हे वर्णन वाचल्यावर चरकसंहितेतील नवेगान्धारणीय अध्यायाची आठवण कोणाही वैद्यास व्हावी. न रोखण्याच्या तेरा वेगांत निद्रा आहे, क्षुधाही आहे. निद्रावेग रोखल्याने जांभया, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग आणि डोळ्यांचे जडत्व येते. क्षुधावेग रोखल्याने कृशता, दुर्बलता, वैवर्ण्य, अंगमर्द, अरुची आणि भ्रम होतो, असे तेथे सांगितले आहे. पूर्वी हे वेग माणूस मनाच्या बळावर रोखीत असे. आज तेच काम दहा रुपयांच्या कपात होते. रात्रपाळीचा कामगार, परीक्षेचा विद्यार्थी, संगणकापुढे बसलेला तरुण आणि पहाटे उठून सर्वांचे डबे करणारी गृहिणी, यांचा चहा हे बहुतेक वेळा वेगविधारणाचे साधन असते. रोगाचे कारण म्हणून केवळ कपाकडे पाहिले आणि अडवून धरलेल्या वेगाकडे पाहिले नाही, तर निदानपरिवर्जन अर्धेच राहते.

निरोगी प्रौढात कॅफीनचे अर्धे प्रमाण शरीराबाहेर जावयास सरासरी सुमारे पाच तास लागतात. सायंकाळी पाच वाजता घेतलेल्या चहाचा अर्धा अंश रात्री दहालाही रक्तात असतो, असा याचा अर्थ. धूम्रपान करणाऱ्यांत हा काळ घटतो, संततिप्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत वाढतो आणि गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत तर कित्येक पटींनी लांबतो. 'मला रात्री कॉफी घेतली तरी झोप लागते' असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नाही. परंतु झोप लागणे आणि झोप गाढ असणे यांत अंतर आहे. अनिद्रेच्या रुग्णास अश्वगंधा, जटामांसी, तगर देण्यापूर्वी त्याच्या दुपारनंतरच्या कपांचा हिशेब घेणे हे वैद्याचे पहिले काम होय.

दुसरी बाजू

विरुद्ध बाजूचा पुरावाही आपण पाहिला पाहिजे, अन्यथा आपले म्हणणे प्रचारकी ठरेल. नियमित कॉफी पिणाऱ्यांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि यकृताचे काही विकार कमी आढळतात, असे अनेक मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांतून दिसले आहे. निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. तरीही कॉफीस सरसकट विष म्हणणे त्या पुराव्यापुढे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली कॉफीस कर्करोगकारक म्हणण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले. त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण असलेली कोणतीही पेये अन्ननलिकेस बहुधा घातक असल्याचे म्हटले. म्हणजे तेथेही द्रव्यापेक्षा सेवनविधीवर बोट ठेवले गेले. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा श्वास मध्येच थांबू लागतो तेव्हा बालरोगतज्ज्ञ हेच कॅफीन औषध म्हणून देतात. योग्य युक्तीने वापरलेले विषही उत्तम औषध होते, हा सिद्धांत आपणांस परका नाही.

प्रमाणाचे काही आकडे वाचकांच्या हाताशी असावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार १५० मिलीलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे आणि जेवणाच्या किमान एक तास आधी व एक तास नंतर चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला दिला आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गर्भिणीसाठी २०० मिलिग्रॅम ही मर्यादा दिली होती. दिवसातून दोन कप चहा घेणारा निरोगी मनुष्य या सर्व मर्यादांच्या आत आहे. त्याला जरब देण्याचे प्रयोजन नाही. त्याच्या कपातील साखरेचा विचार मात्र निराळा करावा. पाच कपांत प्रत्येकी दोन चमचे साखर घेणाऱ्याच्या पोटात दिवसाला चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर चहातूनच जाते.

त्याग कोणी करावा

मग हे पथ्य कोणास अवश्य सांगावे? अनिद्रा, हृद्द्रव, चित्तोद्वेग आणि अम्लपित्ताचे रुग्ण प्रथम. गर्भिणी, आणि अपत्यप्राप्तीसाठी चिकित्सा घेणारी स्त्री. लहान मुले तर सर्वथा. दुधास रंग यावा म्हणून मुलांना चहा देण्याची आपल्या घरांतील सवय मोडावयास हवी.

पांडुरोगाचा उल्लेख स्वतंत्रपणे करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. चहातील कषाय द्रव्ये वनस्पतिज अन्नातील लोहाशी बांधली जातात आणि त्याचे शोषण लक्षणीय प्रमाणात घटवितात. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाचा हा परिणाम सर्वांत ठळक असतो. आपण पुनर्नवामंडूर, नवायस लोह लिहून देतो आणि रुग्णा ती गोळी सकाळच्या चहाबरोबर गिळते. येथे चहा सुटला नाही तरी चालेल, परंतु तो जेवणापासून आणि लोहकल्पापासून दूर गेलाच पाहिजे. 'चहा वर्ज्य' असे लिहून जे साधत नाही, ते 'जेवणानंतर दीड तासाने चहा' असे लिहून साधते. कारण हे करणे तिला शक्य असते.

थायरॉक्सिनची गोळी घेणारे रुग्ण आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात. ती गोळी कॉफीबरोबर घेतल्यास तिचे शोषण घटते. तमकश्वासात सोमलतेचे कल्प देणाऱ्या वैद्यांनी तर अधिकच सावध असावे. सोमलतेतील एफेड्रिन आणि कॅफीन एकमेकांची उत्तेजक क्रिया वाढवितात. या संयोगाची उत्पादने अमेरिकेत वजन घटविण्यासाठी सर्रास विकली गेली आणि गंभीर दुष्परिणामांमुळे २००४ साली एफेड्रायुक्त पूरके तेथे बंद करावी लागली. सोमकल्प घेणाऱ्या रुग्णाचे हृदय धडधडू लागले, तर मात्रा घटविण्याबरोबरच तो दिवसाला किती चहा घेतो हेही विचारावे.

एकदम सोडण्याचे दुष्परिणाम

आता मुख्य मुद्दा. नित्य सवयीचे कॅफीन एकाएकी बंद केले तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, सुस्ती येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. काहींना मळमळ आणि अंगदुखीही होते. ही लक्षणे पहिल्या दोन दिवसांच्या सुमारास सर्वाधिक असतात आणि दोन ते नऊ दिवस टिकतात. दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहा घेणाऱ्यांतही ती दिसू शकतात. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसूचीत या अवस्थेस स्वतंत्र निदानाचे स्थान दिले आहे.

'चहा बंद' या दोन शब्दांनी आपण रुग्णास याच अवस्थेत ढकलतो, तेही पूर्वसूचना न देता. तिसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले की तो समजतो, वैद्यांचे औषध उष्ण पडले. मग तो औषध बंद करतो आणि चहा सुरू करतो. चहाने डोके थांबते. औषध अपायकारक आणि चहा गुणकारी, अशी त्याची खात्री पटते. आपली किती चिकित्सा अशा रीतीने तिसऱ्या दिवशी संपते याची नोंद कोणाकडेही नाही.

पंचकर्म करणाऱ्या व्यवसायबंधूंनी या गोष्टीचा विशेष विचार करावा. शोधनासाठी दाखल झालेल्या रुग्णाचा चहा पहिल्या दिवशी बंद होतो आणि स्नेहपानाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी शिरःशूल, हृल्लास, अंगमर्द सुरू होतात. ही लक्षणे स्नेहाच्या अजीर्णाची की कॅफीनच्या त्यागाची? दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू केल्या तर सांगता येत नाही, आणि स्नेहाची मात्रा ठरविण्यात गफलत होते. यावरील उपाय अगदी साधा आहे. चहा-कॉफीचा क्रमशः त्याग पूर्वकर्माच्या किमान दहा दिवस आधी सुरू करावा आणि स्नेहपानापूर्वी तो पूर्ण झालेला असावा.

शास्त्राने सांगितलेला क्रम

ज्या नवेगान्धारणीय अध्यायाचा उल्लेख वर केला, त्याच अध्यायात चरकाचार्यांनी सवयीच्या अहिताचा त्याग क्रमाने करावा आणि हिताचे सेवनही क्रमानेच वाढवावे, असे सांगितले आहे. चतुर्थांशाने त्याग, चतुर्थांशाने स्वीकार आणि मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर, असा हा पादांशिक क्रम. दिवसांच्या गणनेबाबत टीकाकारांत मतभेद आहेत, तत्त्वाबाबत नाहीत. क्रमाने घालविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण स्थिर होतात, हे त्याचे फळ. वाग्भटाचार्यांनी चतुर्थांश न झेपल्यास चतुर्थांशाचाही चतुर्थांश, म्हणजे सोळावा भाग, अशी सवलत दिली आहे, आणि सहसा त्याग किंवा सहसा सेवन केल्याने असात्म्यज रोग होतात असे बजावले आहे.

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात तर चहाशी फारच जुळणारे उदाहरण आहे. क्षार आणि लवण यांचा अतियोग करणाऱ्या प्रदेशांची नावे देऊन, त्यांना होणारे विकार सांगून झाल्यावर आचार्य म्हणतात की, अशा लोकांनीही त्या सात्म्यापासून क्रमाक्रमानेच दूर व्हावे. संपूर्ण जनपदाची एखादी सवय अहितकर असू शकते, तरीही ती ओकसात्म्य झालेली असल्याने तिला हात सावधपणेच घालावयास हवा, हा विचार तेथे स्पष्ट आहे. सव्वाशे वर्षांत महाराष्ट्राचे ओकसात्म्य बनलेल्या चहास हा न्याय तंतोतंत लागू पडतो.

व्यवहारात हा क्रम असा बसविता येईल. प्रथम तीन दिवस रुग्णाने काहीही न बदलता केवळ नोंद करावी : किती कप, किती वाजता, कशाबरोबर आणि का. मग एकूण मात्रेचा चतुर्थांश कमी करावा. पहिल्याने दुपारनंतरचा शेवटचा कप काढावा, कारण निद्रा सुधारली की पुढचे सर्व सोपे होते. दुसऱ्या पायरीत जेवणालगतचा कप काढावा. सकाळचा पहिला कप अखेरीस काढावा. तलफ तेथे सर्वांत दृढ असते. ज्यांना कप सोडणे कठीण जाते त्यांनी कप तोच ठेवून पातेल्यातील चहापत्ती चतुर्थांशाने घटवावी. उभ्या उभ्या गप्पा, गरम कप, आल्याचा वास हे सारे तसेच राहते आणि कॅफीन निमूटपणे कमी होते. दिवसाला सात-आठ कप घेणाऱ्यांसाठी वाग्भटांचा सोळावा भाग वापरावा आणि महिनाभराचा अवधी द्यावा.

या क्रमाचा उत्तरार्ध आपण नेहमी विसरतो. अहिताचा जेवढा पाद काढावयाचा, तेवढाच हिताचा पाद त्या जागी घालावयाचा असतो. रिकामी जागा ठेवली तर तलफ ती भरते. कफप्रधान व्यक्तीस सुंठ-तुळशीचा काढा, पित्तप्रधानास धने-जिऱ्याचे पाणी, वातप्रधानास सुंठ घातलेले कोमट दूध, आणि ज्याचा चहा खरे तर भुकेची जागा घेतो त्यास पेज, आंबील, मुगाचे कढण. पत्तीविना उकळलेला गवती चहा तर कोकणापासून विदर्भापर्यंत परसदारी मिळतो.

भुकेचा चहा

या शेवटच्या प्रकाराबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. ऊसतोडीस जाणारी स्त्री पहाटे काय घेते? चहा. शेतमजूर स्त्री दुपारच्या भाकरीपर्यंत कशावर काम रेटते? चहावर. घरात सर्वांचे होईपर्यंत स्वतः न जेवणारी सून अकरा वाजेपर्यंत कशावर उभी असते? त्याच चहावर. हा चहा चैनीचा नाही, क्षुधावेग रोखण्याचा आहे. पांडू, दौर्बल्य, भ्रम, अंगमर्द घेऊन जी रुग्णा आपल्यासमोर बसते, तिला 'चहा सोडा' म्हणणे म्हणजे तिच्या हातातील काठी काढून घेऊन 'चाला' म्हणण्यासारखे आहे. तिला प्रथम सकाळी एक भाकरी, एक वाटी आंबील किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे-गूळ मिळेल अशी व्यवस्था सुचवावी, शक्य तर सोबत आलेल्या पतीस किंवा सासूस बोलावून सुचवावी. अन्न आले की चहाचे निम्मे काम संपते. पथ्य सांगणे म्हणजे रुग्णाच्या घराची, कामाच्या वेळेची आणि पैशाची चौकशी करणे, हे आपल्या गुरुजनांनी आपणांस शिकविलेलेच आहे.

औषधविक्रेत्यांस विनंती

या त्रैमासिकाचे अनेक वाचक आयुर्वेदीय औषधांची दुकाने चालवितात. त्यांच्या हाती या बाबतीत वैद्याइतकेच सामर्थ्य आहे. ग्राहक 'चहा सोडला, आता ग्रीन टी घेतो' असे सांगतो तेव्हा ग्रीन टी हीही त्याच झाडाची पाने असून तिच्यातही कॅफीन असते, हे त्याला सांगावे. हर्बल चहा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत तुळस, वेलदोडा, ज्येष्ठमध यांबरोबर साधी चहापत्तीही असते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्याविना अशी वस्तू 'चहाला पर्याय' म्हणून देऊ नये. वजन घटविण्याच्या काही उत्पादनांत ग्रीन टीचा अर्क किंवा ग्वाराना असतो, आणि ग्वाराना हेही कॅफीनचेच दुसरे रूप. कॅफीनविरहित म्हणविणाऱ्या कॉफीतही कॅफीनचा अल्प अंश उरतो.

डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफीन असते. चहा सोडल्यामुळे डोके दुखणाऱ्या ग्राहकाने अशी गोळी घेतली की त्याला तत्काळ बरे वाटते. वस्तुतः त्याने सोडलेलेच द्रव्य दुसऱ्या दाराने परत घेतलेले असते. ज्या दुकानांत दोन्ही प्रकारची औषधे मिळतात तेथे हा प्रसंग नेहमीचा आहे.

उत्साहवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबाबंद पेयांविषयीही दक्ष राहावे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते, आणि मुले, गर्भिणी व स्तनदा स्त्रिया यांच्यासाठी ती योग्य नसल्याची सूचना वेष्टनावर असते. शाळकरी मुलाच्या हाती असा डबा देताना ती सूचना एकदा मोठ्याने वाचून दाखवावी.

काही प्रस्ताव

लेख नुसत्या उपदेशावर संपू नये म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली : रुग्णपत्रकातील 'व्यसन - चहा' हा रकाना काढून त्या जागी 'किती, केव्हा, कशाच्या जागी' असे तीन रकाने करावेत. दुसरी : पादांशिक क्रमाने चहा-कॉफी सोडणाऱ्या रुग्णांची एक पानी नोंद ठेवण्यासाठी संघटनेने एकसारखा नमुना तयार करावा. शिरःशूल झाला का, किती दिवस टिकला, निद्रेत फरक पडला का, तीन महिन्यांनी काय स्थिती आहे, एवढेच प्रश्न त्यात असावेत. शे-दोनशे वैद्यांनी प्रत्येकी दहा रुग्णांची नोंद ठेवली, तरी हजार-दोन हजार नोंदी जमतील, आणि चतुर्थांश बरा की सोळावा भाग बरा, याचे उत्तर वादविवादाऐवजी अनुभवाने देता येईल. तिसरी : आपल्या परिषदांच्या निमंत्रणपत्रिकेवर 'चहापान' छापलेले असते तेथे चहाच्या किटलीशेजारी धने-जिऱ्याच्या पाण्याचीही एक किटली ठेवावी. चहाची किटली हटविण्याची सूचना मी करीत नाही. सहसा त्याग निषिद्ध आहे.

'एकदम बंद करा म्हटल्याविना रुग्ण काहीच करीत नाही' असा आक्षेप काही ज्येष्ठ वैद्य घेतील. निश्चयी रुग्ण एका दिवसात चहा सोडतात आणि तो पुन्हा धरीत नाहीत, हेही खरे आहे. अशांना अडविण्याचे कारण नाही; केवळ पहिल्या आठवड्यात काय होईल ते त्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे डोकेदुखीचे खापर औषधावर फुटणार नाही. परंतु प्रवर सत्त्वाचे रुग्ण थोडे आणि अवर सत्त्वाचे पुष्कळ. शास्त्राने क्रम सांगितला तो या पुष्कळांसाठी.

रुग्णाने पुढच्या वेळी येऊन 'पाचाचे तीन झाले, संध्याकाळचा सुटला' असे निःसंकोचपणे सांगावे, आणि वैद्याने ते ऐकून चौथ्या कपाऐवजी काय घेता येईल ते लिहून द्यावे. असे संभाषण ज्या चिकित्सालयात होते, तेथे चहाबरोबर बाकीचे पथ्यही पाळले जाते. 'चहा-कॉफी वर्ज्य' हे दोन शब्द पुढच्या कागदावर लिहिण्यापूर्वी आपण सर्वांनी एवढा विचार करावा, अशी नम्र विनंती.